फॉर्मच्या हंगामाआधी घरचा संगणक : तयारीची यादी

बारावीचा निकाल लागला की विदर्भातल्या गावोगावी एकच धांदल उडते. दाखले स्कॅन करा, फोटो सांगितलेल्या केबीत बसवा, सीईटीचे कागद, शिष्यवृत्तीचा अर्ज, वडिलांचा सातबारा. घरी प्रिंटर नसतो म्हणून पेनड्राइव्ह खिशात घालून दिवसातून दोनदा सेतू केंद्रावर किंवा झेरॉक्सच्या दुकानात चकरा होतात. व्हायरस घरात येतो तो बहुतेक याच वाटेने, नाहीतर घाईत दाबलेल्या एखाद्या ‘अलाऊ’ बटणातून. म्हणून पुढची कामं मे महिन्यात, पेरणीची गडबड सुरू होण्याआधी उरकून घ्यावीत. एक अख्खी रात्र आणि दुसऱ्या दिवशीचे दोन-तीन तास लागतात. सामान थोडंच आहे : दोन पेनड्राइव्ह, एक बाहेरून जोडायची हार्डडिस्क, पाच-सहा जीबी इंटरनेट डेटा आणि एक वही. डेस्कटॉप असेल तर चालू स्थितीतला यूपीएसही लागतो. ६०० व्हीए क्षमतेचा साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं तग धरतो, म्हणजे संगणक रीतसर बंद करण्यापुरता. तेवढ्यावर रात्रभराचं अपडेट निघत नाही.

पहिलं काम बॅकअपचं, आणि ते खरोखर पहिलंच करायचं. पुढे अपडेट होणार, स्कॅन होणार, काही फाइली काढल्या जाणार. मध्येच लाइन गेली तर विंडोज चालू होईलच असं नाही. मार्कशीट, जातीचा दाखला, जात पडताळणी, आधार, बँकेचं पासबुक, जमिनीचे कागद आणि घरचे फोटो हार्डडिस्कवर उतरवा, दोन-चार फाइली उघडून पाहा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडूनच ठेवलेली डिस्क बॅकअप म्हणून कामाची नाही. फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा रॅन्समवेअर आला, तर तो जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही त्याच झटक्यात बंद करतो. सगळ्यात महत्त्वाच्या दहा-वीस फाइलींची आणखी एक प्रत ईमेलवर किंवा गूगल ड्राइव्हवर असू द्या.

मग विंडोज कोणतं आहे ते पाहा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अबाउट. विंडोज ७ला सुरक्षा दुरुस्त्या मिळणं जानेवारी २०२०मध्ये थांबलं, ८.१ला जानेवारी २०२३मध्ये, आणि विंडोज १०ची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. १०साठी घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची वाढीव दुरुस्ती योजना आहे. त्यासाठी आवृत्ती २२एच२ असावी लागते आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करावं लागतं. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीचा दुवा दिसतो. नागपूरहून आणलेले सेकंडहँड डेस्कटॉप बहुधा इंटेलच्या चौथ्या-पाचव्या पिढीच्या आय३, आय५ प्रोसेसरचे असतात आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं. दुकानदार ‘जुगाड करून टाकून देतो’ म्हणाला तर घाई नको, कारण अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. नुसता अभ्यास, ब्राउझर आणि टायपिंग एवढंच काम असेल तर विंडोजऐवजी टाकता येणारं लिनक्स मिंट ४ जीबी रॅमवर चालतं आणि फुकट आहे.

दुरुस्त्या वेळेवर घेण्याला एवढं महत्त्व का, याचं उत्तर २०१७चा वॉनाक्राय हा रॅन्समवेअर. तो जगभर पसरला मे महिन्यात. त्याने वापरलेलं भोक बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. फटका बसला तो मुख्यतः अपडेट न केलेल्या यंत्रांना.

अपडेट चालवताना खेड्यात दोन गोष्टी आडव्या येतात. एक, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डेटा वाचवायला कोणीतरी कधीतरी ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करून ठेवलेलं असतं. मग विंडोज बहुतेक अपडेट उतरवतच नाही आणि महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षातही येत नाही. त्या रात्रीपुरतं ते बंद करा. दुसरी गोष्ट लाइनची. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर लावलेला हवा, डेस्कटॉपसाठी लोडशेडिंगच्या वेळा टाळून रात्र निवडावी. पडद्यावर टक्केवारी फिरत असताना कंटाळून बटण दाबून बंद करू नका. ४५ अंशांच्या दुपारी तर हे काम मुळीच काढू नका. पूर्ण स्कॅनमध्ये प्रोसेसर तापतो, पंख्यात धूळ आणि कापसाची तूस अडकलेली असते, आणि यंत्र आपोआप बंद पडतं. ‘व्हायरस आहे’ म्हणून दुकानात येणाऱ्या यंत्रांपैकी कित्येकांचा रोग हाच : धूळ, गच्च भरलेला सी ड्राइव्ह, नाहीतर थकलेली हार्डडिस्क. आधी ब्लोअर मारून घ्या.

आता अँटिव्हायरस. विंडोज १० आणि ११मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासून असतो, वेगळे पैसे लागत नाहीत, आणि घरच्या वापराला तो पुरतो. स्टार्टमध्ये विंडोज सिक्युरिटी शोधून उघडा. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये रिअल-टाइम प्रोटेक्शन (सतत पहारा) आणि टॅम्पर प्रोटेक्शन (डिफेंडरच्या सेटिंग्ज कोणाला गुपचूप बदलू न देणारं) दोन्ही चालू हवीत. ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन आहे, त्यातलं नको असलेली अ‍ॅप अडवणारं बटणही चालू करा. फुकटच्या सॉफ्टवेअरला चिकटून येणारा कचरा तिथे अडतो. नवीन लॅपटॉपसोबत एखाद्या कंपनीचा महिना-दोन महिन्यांचा चाचणी अँटिव्हायरस येतो. तो असेपर्यंत डिफेंडर बाजूला सरतो. मुदत संपल्यावर तो फक्त ‘नूतनीकरण करा’ म्हणून ओरडत बसतो. विकत घ्यायचा नसेल तर काढून टाका, रीस्टार्ट करा, डिफेंडर पुन्हा कामाला लागतो. दोन अँटिव्हायरस एकत्र टाकले तर संरक्षण दुप्पट होत नाही, दोघं एकमेकांच्या फाइलींवर संशय घेत यंत्राचा वेग मात्र खातात.

विकत घेण्यात चूक काही नाही. पण घ्यायचा तर खोक्याचं सील, वैधतेचा काळ आणि पक्कं बिल पाहून. बोगस बियाणं कसं ओळखता? पाकिटावर लॉट नंबर नाही, दुकानदार बिल देत नाही, आणि ‘गुपचूप न्या, लय भारी आहे’ असं कानात सांगतो. सॉफ्टवेअरचंही तेच. दुकानात फुकट टाकून दिलेलं क्रॅक केलेलं विंडोज किंवा ऑफिस, त्याला चालू करणारा अ‍ॅक्टिव्हेटर, आणि त्यासोबत ‘आधी डिफेंडर बंद करा’ ही सूचना. राखणदाराला घालवून मगच आत येऊ पाहणारा पाहुणा कोणत्या कामाला आला असेल? सेटिंग्ज, विंडोज सिक्युरिटी, एक्सक्लूजन्स ही स्कॅनमधून वगळलेल्या फाइली-फोल्डरांची यादी उघडून पाहा. तिथे अख्खा सी ड्राइव्ह किंवा अनोळखी फोल्डर नोंदवलेला असेल तर कोणीतरी वाट करून ठेवली आहे. ती नोंद काढा.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो सुरक्षेचे खोटे इशारे ओळखायला, कारण इथे व्हायरस काहीच करत नाही, सगळं आपणच करतो. चित्र साधारण असं असतं : मुलगा निकाल शोधत किंवा फुकट सिनेमा शोधत एका पानावर जातो, पडदा लाल होतो, भोंगा वाजतो, बाईचा आवाज इंग्रजीत धमकावतो, ‘संगणक बंद करू नका’ असं लिहून येतं आणि खाली फोन नंबर. त्यात शेकडो व्हायरस मोजणारी पट्टीही पळत असते. हे ब्राउझरमधलं नुसतं चित्र आहे. वेबसाइटच्या पानाला तुमच्या सी ड्राइव्हचं स्कॅन करताच येत नाही. त्याच पानावर मोबाइलने गेलात तर तिथेही ‘सी ड्राइव्ह’ सापडतो! मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, ही एक खूण घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावा. पान बंद होत नसेल तर एस्केप बटण काही सेकंद दाबून धरा, पूर्ण पडदा सुटतो. मग आल्ट आणि एफ४. तरीही नाही झालं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडल्यावर ‘आधीची पानं परत आणू का’ विचारतो, तेव्हा नाही म्हणा.

त्या नंबरवर फोन गेलाच तर पलीकडचा अगदी गोड बोलतो. तो एनीडेस्क किंवा तसलंच दुरून पडदा पाहण्याचं साधन टाकायला लावतो. ते साधन स्वतः खोटं नाही, पण त्याचा कोड सांगितला की माउस त्याच्या हातात. असल्या वापराबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९मध्येच बँकांना सावध केलं होतं. मग तो इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजच्या रोजच्या नोंदींची यादी) उघडून लाल-पिवळ्या खुणांची रांग दाखवतो आणि म्हणतो, हे बघा व्हायरस. त्या खुणा धडधाकट संगणकातही शेकड्याने असतात. आज संध्याकाळी स्वतः उघडून पाहून ठेवा, म्हणजे घाबरायला होणार नाही. काळ्या खिडकीत भराभर पळणाऱ्या ओळी म्हणजे तर फक्त फोल्डरांची यादी.

अलीकडे याच फसवणुकीचं आणखी एक रूप आलं आहे. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असं सांगून पान विंडोज बटण आणि आर, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर दाबायला लावतं. पानाने घातक आज्ञा आधीच गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते, आणि ती आपल्याच हाताने चालवली जाते. खरा कॅप्चा कधीही असं करायला सांगत नाही.

कोपऱ्यात सतत ‘तुमचा अँटिव्हायरस संपला’ अशा चिठ्ठ्या येत असतील तर बहुधा ती एखाद्या साइटला कधीतरी दिलेल्या ‘अलाऊ’ची फळं आहेत. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथली अनोळखी नावं काढून टाका. नवीन साइटना विचारण्याचीच मनाई करून ठेवलेली बरी. एक्स्टेन्शन्सची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांची यादीही त्याच वेळी चाळा.

पेनड्राइव्हचं म्हणाल तर दोन वेगळे ठेवा. बाहेर जाणाऱ्याला लाल दोरा बांधा. त्यात ज्याची प्रिंट काढायची तेवढीच पीडीएफ टाकायची, आणि घरी आल्यावर काही न उघडता आधी स्कॅन, मग फॉरमॅट. दुसरा घराबाहेर जाणार नाही. त्याहून सोपं म्हणजे फाइल दुकानदाराला ईमेल करणं, पण काम झालं की त्याच्याकडून ती डिलीट करून घ्या, आधारची प्रत आहे ती. दुकानातल्या संगणकावर स्वतःचं व्हॉट्सअ‍ॅप उघडलं असेल तर मोबाइलमधल्या लिंक्ड डिव्हाइसेसमधून लॉगआउट करायला विसरू नका.

पेनड्राइव्हमध्ये फोल्डरच्या जागी बाण असलेली शॉर्टकट दिसू लागली, तर फाइली गेल्या असं समजून रडू नका, आणि शॉर्टकटवर दोनदा टिचकी तर मुळीच मारू नका, कारण व्हायरस तिथूनच चालू होतो. खरी फोल्डरं लपवलेली असतात. फाइल एक्सप्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये व्ह्यू उघडा, लपलेल्या फाइली दाखवा असं निवडा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’वरची खूण काढा. फोल्डरं फिकट रंगात दिसतात, कधी सगळी एका बिननावाच्या फोल्डरात कोंबलेली असतात. कागद आणि फोटो तेवढे उचलून घ्या, बाकी ड्राइव्ह फॉरमॅट करा, मग ती खूण परत लावा. त्याच पानावर फाइलींची आडनावं, म्हणजे नावाच्या शेवटी येणारं ‘.पीडीएफ’सारखं शेपूट दाखवायचीही सोय आहे, ती कायमची चालू ठेवा. ‘मार्कशीट.पीडीएफ’ एवढंच दिसत असताना त्यापुढे ‘.ईएक्सई’ लपलेलं असू शकतं. पीडीएफचं चित्र लावलेला प्रोग्राम असतो तो. सीडॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने बनवलेलं, पेनड्राइव्हच्या वापरावर नियंत्रण ठेवणारं यूएसबी प्रतिरोध हे साधन आणि बॉट (दुसऱ्याच्या हुकुमावर चालणारे लपलेले प्रोग्राम) काढायची फुकट साधनं सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर मिळतात. उतरवायची ती तिथूनच.

मुलांसाठी वेगळं खातं काढा, ‘स्टँडर्ड यूजर’ प्रकारचं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड मोठ्यांकडे. एवढ्याने अर्ध्याअधिक भानगडी दारातच थांबतात, कारण काही बसवायचं म्हटलं की पासवर्ड मागितला जातो. मुलं कुरकुरतील, कुरकुरू द्या. पासवर्ड वहीत लिहिले तरी चालतात, फक्त ती वही संगणकाखाली ठेवू नका. बँकेचं पान उघडताना पत्ता स्वतः टाइप करा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांचे पत्ते आता ‘बँक डॉट इन’वर संपतात. सरकारी पत्ते ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’वर.

एवढं करूनही कोणी आत शिरल्याचा संशय आला तर आधी इंटरनेट तोडा, वायफाय बंद किंवा केबल बाहेर. त्या यंत्रावरून बँकेचं काही करू नका, पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला, सुरुवात ईमेलपासून. मग विंडोज सिक्युरिटीतल्या स्कॅन ऑप्शन्समधून ऑफलाइन स्कॅन चालवा. यंत्र रीस्टार्ट होतं आणि विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटांत. पैसे गेले असतील तर स्कॅनच्या मागे न लागता आधी बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर फोन करा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या नियमाप्रमाणे ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून फोनची वेळ आणि तक्रार क्रमांक वहीत टिपा. चोराला दुरून पडदा दिला असेल तर स्कॅन निर्मळ आला तरी भरवसा धरू नका, विंडोज नव्याने टाकून घ्या. कपाटातली डिस्क तेव्हाच बाहेर काढायची, आणि तीही नवं विंडोज बसून अपडेट झाल्यावर.