आफ्रिकन स्वाइन फीवर: पहिलं डुक्कर मेल्यावर होणाऱ्या या चुका टाळा

या रोगाबद्दलचा सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे, तो आला की रातोरात अख्खं शेड झोपतं. तसं होत नाही. एक डुक्कर खाणं सोडतं, 41 अंशांच्या आसपास ताप चढतो, कान आणि पोटाखालची कातडी जांभळट होते आणि ते मरतं. बाकीची खातपीत असतात. मालकाला वाटतं, ऊन लागलं असेल. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत 4 ते 19 दिवस जातात, त्यामुळे मधले काही दिवस सगळं ठीकच भासतं. मग दोन मरतात, मग सहा. लागण झालेल्यांपैकी बहुतेक सगळी दगावतात हे खरं, पण सुरुवातीचा प्रसार संथ असतो. काही करता येण्याजोगा काळ तोच, आणि नेमका तोच वाया जातो.

पहिली चूक सुईची. एक आजारी पडलं म्हणून सगळ्यांना अँटिबायोटिक टोचलं जातं, तेही एकाच सुईने. हा रोग विषाणूचा आहे, आणि विषाणूवर अँटिबायोटिकचा काडीचाही परिणाम होत नाही. उलट, आजारी डुकराच्या रक्तात हा विषाणू ठासून भरलेला असतो आणि तीच सुई पुढच्या डुकराच्या अंगात जाते. संथ चाललेला रोग आपणच हाताने वाढवतो.

दुसरी चूक, मेलेलं डुक्कर तिथेच उघड्यावर फाडून बघायचं. पांथरी (प्लीहा) फुगून काळपट आणि ठिसूळ झालेली दिसली की संशय बळावतो, हे ठीक. पण त्या वेळी सांडलेलं रक्त शेणामातीत मिसळतं. 4 अंश तापमानाला साठवलेल्या रक्तात हा विषाणू 18 महिने टिकल्याची नोंद आहे. शवविच्छेदन पशुवैद्यकाला त्याच्या पद्धतीने करू द्या.

नमुन्यांच्या बाबतीत तर शिकलेली माणसंही चुकतात. पांथरीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये बुडवून पाठवला की पीसीआर तपासणीसाठी (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) तो जवळजवळ निकामी होतो. तुकडा ताजा हवा आणि बर्फात हवा. जिवंत आजारी डुकराचं रक्त ईडीटीएच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या, नळीत घ्यावं. फक्त प्रतिपिंडांची चाचणी करून ‘निगेटिव्ह’ आलं म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण तीव्र स्वरूपात डुक्कर प्रतिपिंडं तयार होण्याआधीच मरतं. आपल्याकडे या रोगाचं निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत पक्कं केलं जातं. 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशातला देशातला पहिला उद्रेक तिथेच सिद्ध झाला.

‘आमच्याकडे लस टोचली आहे,’ हे वाक्य वारंवार ऐकू येतं. ती लस क्लासिकल स्वाइन फीवर या डुकरांच्याच दुसऱ्या रोगाची. लक्षणं सारखी दिसली तरी विषाणू पूर्णपणे वेगळा, आणि त्या लसीने इथे कणभरही संरक्षण मिळत नाही. या रोगाचं पहिलं वर्णन केनियातून 1921 मध्ये प्रसिद्ध झालं, तरी लस इतकी वर्षं हुलकावणी देत राहिली. विषाणूत दीडशेहून अधिक जनुकं आहेत, तो शरीराचं संरक्षण करणाऱ्या मॅक्रोफेज पेशींतच वाढतो आणि प्रतिपिंडं त्याला पुरेसं रोखत नाहीत. 1960च्या दशकात स्पेन-पोर्तुगालमध्ये वापरलेल्या सौम्य केलेल्या जिवंत लशीने रेंगाळणारा आजार मागे ठेवला. व्हिएतनामने 2022 मध्ये नव्या जिवंत लशीला मान्यता दिली, पण काही ठिकाणी लस दिलेली डुकरं मेल्याने वापर तात्पुरता थांबवावा लागला. पुढच्या वर्षी तिथे व्यापक वापराची परवानगी मिळाली. भारतात अशी परवानाधारक लस नाही, म्हणून कुणी ‘बाहेरून आणलेली’ बाटली देत असेल तर ती शेडमध्ये येऊच देऊ नका.

हॉटेलातलं उरलंसुरलं अन्न हा आपल्याकडचा कळीचा मुद्दा. महाराष्ट्रात आणि गोव्यात अनेक वराहपालकांचा सगळा हिशेबच त्यावर चालतो, त्यामुळे ‘बंद करा’ म्हणणं सोपं, करणं अवघड. पण गोठवलेल्या मांसात हा विषाणू महिनोन्महिने तग धरतो, आणि वरवर गरम केलेल्या बादलीत पोर्कचा एक कच्चट तुकडाही पुरतो. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या निकषानुसार असं अन्न सतत ढवळत 90 अंशांवर निदान 60 मिनिटं ठेवायला हवं. एवढं इंधन परवडत नसेल, तर मांसाचं अन्न वगळून फक्त भाजीपाला आणि भुसाच घ्यावा.

निर्जंतुकीकरणात घाई होते. शेण न काढताच चुना किंवा ब्लीचिंग शिंपडलं, तर औषध शेणातच खपून जातं. आधी खरवडून साबणाच्या पाण्याने धुवा, मग औषध मारा आणि ते अर्धा तास तरी ओलं राहू द्या. बूट प्रत्येक शेडचे वेगळे ठेवा.

माणसाला हा रोग होत नाही, स्वाइन फ्लूशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे घाबरून लपवायचं कारण नाही. तरीही मर लपवली जाते आणि उरलेली डुकरं रात्रीतून स्वस्तात विकली जातात. हे सगळ्यात वाईट, कारण रोग तेव्हा टेम्पोतून दुसऱ्या तालुक्यात जातो. पशुधन विकास अधिकाऱ्याला कळवलं, तर बाधित ठिकाणापासून 1 किलोमीटर परिसरातली डुकरं नष्ट होतात आणि 10 किलोमीटरपर्यंत पाळत राहते. नुकसान होतं, पण भरपाईची तरतूद आहे. गुपचूप विकलेल्या डुकरांची भरपाई कुणी देत नाही.

रिकामं झालेलं शेड भरण्याचीही घाई नको. धुऊन निर्जंतुक केल्यावर ते काही आठवडे रिकामं ठेवा. मग नेहमीच्या संख्येच्या दहावा हिस्सा डुकरं आणा, ती सगळ्या कप्प्यांत फिरू द्या आणि सहा आठवडे रोज ताप आणि खाणं तपासा. त्यातलं एकही मेलं, तर तपासणीचा निकाल येईपर्यंत नवीन आणू नका.