पाऊस गेला, लॉन पिवळं पडलं? आधी पाईप खाली ठेवा

नवरात्रात ऊन तापायला लागलं की आमच्या गल्लीत दरवर्षी तोच सीन, चार महिने हिरवंगार असलेलं लॉन आठ-दहा दिवसांत पिवळट दिसायला लागतं आणि मग सकाळ-संध्याकाळ माणसं पाईप धरून उभी. मी पण कितीतरी वर्षं हेच करायचो. आता काय करतो, तर आधी एक जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन लॉनमध्ये खुपसतो. चार-पाच इंच आरामात गेला आणि ओली माती चिकटून आली तर पाणी कमी पडलेलंच नाहीये, पिवळेपणाचं कारण दुसरं आहे. दीड इंचावर अडला तर जमीन कोरडी ठाक पडलीय किंवा आवळलीय, आणि आवळलेल्या जमिनीवर कितीही पाणी मारा, ते वरच्यावर पार्किंगमध्ये वाहून जाणार.

आपल्याकडे बंगल्याच्या लॉनखाली बरेचदा मुरूम नाहीतर बांधकामाचा राडारोडा असतो, त्यावर चार-सहा इंच लाल माती पसरलेली. पावसाच्या माऱ्याने आणि पायांनी ती दबते आणि वर त्यातलं नत्र धुवून जातं. म्हणजे ऑक्टोबरमध्ये गवताला तहानेपेक्षा भूक जास्त लागलेली असते.

तेव्हा थोडं पाणी मारून ओल धरली की दुसऱ्या दिवशी गार्डन फोर्क घ्या, वीतभर अंतरावर तीन-चार इंच खोल टोचायचा, किंचित हलवायचा, काढायचा, बस्स. कंटाळवाणं काम आहे, कंबर बोलते, पण याच्याइतका फरक कशानेच पडत नाही. मग दाताळ्याने बुडाशी साठलेलं वाळकं गवत ओढून काढा आणि चाळलेला पोयटा, वाळू आणि जुनं कुजलेलं शेणखत समसमान मिसळून अर्धा सेंटिमीटर पसरा, पाती वर दिसत राहिली पाहिजेत. ताजं शेण नको. त्यातून तण येतं आणि हुमणीलाही (मुळं खाणारी अळी) आमंत्रण.

खताचं म्हणाल तर पिवळेपणा कुठे आहे ते वाकून बघा. जुनी, खालची पाती सरसकट पिवळी असतील तर नत्र हवंय, चौरस मीटरला 10 ग्रॅम युरिया पुरे, म्हणजे 200 स्क्वेअर फुटाला 185 ग्रॅमच्या आसपास. पाती कोरडी असताना फेकायचा आणि लगेच भरपूर पाणी द्यायचं, नाहीतर जिथे दाणे पडले तिथे गवत जळतं. पण नवीन पाती पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असं असेल तर लोह कमी पडतंय, बोअरच्या जड पाण्यावरच्या लॉनला हे बरेचदा होतं. लिटरला 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), चिमूटभर लिंबूसत्व, ऊन उतरल्यावर फवारा. फक्त फरशीपासून लांब! मी पहिल्यांदा मारला तेव्हा पोर्चच्या पांढऱ्या टाईल्सवर तांबूस ठिपके उठले, ते आजही तसेच आहेत आणि घरी अजून ऐकून घेतो.

पाण्याचं मोजमाप सोपं आहे. श्रीखंडाचे सरळ उभ्या कडांचे रिकामे डबे लॉनवर तीन ठिकाणी ठेवा, स्प्रिंकलर किंवा पाईप सुरू करा आणि डब्यात 1 सेंटिमीटर पाणी साठायला किती मिनिटं लागतात ते बघा. तेवढं पाणी आठवड्यातून दोनदा, पहाटे नाहीतर सकाळी. 200 स्क्वेअर फुटाला एका वेळी साधारण 185 लिटर होतं, नऊ-दहा बादल्या. रोज शिंपडल्याने मुळं वरच राहतात, आणि रात्रभर ओली राहिलेली पाती बुरशीला बरी पडतात.

कापताना एक चूक सर्रास दिसते, पावसात वितभर वाढू द्यायचं आणि मग एकदम टक्कल करायचं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका, पाच-सहा दिवसांच्या अंतराने खाली आणा. मशीनच्या पात्याला धार लावून घ्या. बोथट पातं गवत फाडतं, दोन दिवसांत शेंडे भुरकट.

साळुंक्या एकाच जागी घोळक्याने टोचत असतील तर तिथलं गवत मुठीत धरून ओढा. सतरंजीसारखं उचलून आलं तर खाली हुमणीच्या पांढऱ्या, गोल वळलेल्या अळ्या सापडतील. वेचून काढा आणि मेटारायझियम (अळ्या मारणारी बुरशी) पाण्यात मिसळून त्या भागात जिरवा, ओल टिकवा. लव्हाळा हे तण मात्र ओढू नका, गाठ खालीच राहते, खुरप्याने गाठीसकट काढा, दोन-तीन आठवड्यांनी परत.

घराच्या उत्तरेला लॉन असेल तर अजून एक गोष्ट. जूनमध्ये दुपारी तिथे डोक्यावर ऊन असतं, डिसेंबरात 10 मीटर उंच घराची सावली भर दुपारी 9 मीटर पडते. हरळीच्या जातीचं गवत (गणपतीला आपण त्याच्याच दूर्वा खुडतो) सावलीत विरळ होणारच, तिथे खतावर पैसे घालवू नका.

आणि टोचणं, खत सगळं दिवाळीच्या आत उरका, रात्री 10-12 डिग्रीवर आल्या की या गवताची वाढ जवळजवळ थांबते, मग युरिया थेट फेब्रुवारीच्या शेवटी.