नशेचा संशय असलेला खेळाडू संघात घ्यावा की नाही, हे कसे ठरवावे

नेरूळ-खारघर परिसरातील एखाद्या फुटबॉल क्लबच्या निवड समितीने सर्वप्रथम कुजबुज आणि पुरावा वेगळा करावा. चाचणीचा अहवाल, पोलिसांतील नोंद किंवा खेळाडूची स्वतःची कबुली यांपैकी काहीही नसेल, तर नाव खोडू नये.

त्यानंतर पदार्थ कोणता आणि त्याचे सेवन केव्हा झाले, हे पाहावे. जागतिक उत्तेजकविरोधी संहितेच्या 2021च्या आवृत्तीनुसार कोकेन, गांजा यांसारख्या पदार्थांचे सेवन स्पर्धेच्या काळाबाहेर झाले असून त्याचा खेळातील कामगिरीशी संबंध नव्हता, असे खेळाडूने सिद्ध केल्यास बंदी तीन महिन्यांची असते आणि मान्यताप्राप्त उपचार पूर्ण केल्यास ती एका महिन्यावर येऊ शकते. ताकद वाढवणाऱ्या औषधांचे प्रकरण मात्र याहून गंभीर मानावे.

अमेरिकन फुटबॉलच्या 1998च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, रँडी मॉस हा खेळाडू मैदानाबाहेरच्या वर्तनामुळे, ज्यात गांजाही होता, एकविसाव्या क्रमांकापर्यंत घसरला आणि पहिल्याच हंगामात त्याने 17 टचडाउन झेल (थेट गुण मिळवून देणारे झेल) घेतले. अर्थात, प्रत्येक जण मॉस नसतो.

म्हणून खेळाडूशी, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकांसमक्ष, बोलावे, समुपदेशनाची लेखी अट घालावी आणि करार एकाच हंगामाचा ठेवावा.