पाणी आधी, काडी मग

आमच्या कसब्यातल्या घरी गीझर आहे, तरी थंडी पडली की मागच्या अंगणात बंब पेटतो. सासूबाईंचा तांब्याचा बंब, शेजारच्या तांबट आळीत घडवलेला. मोडीत घालायला माझा हात होत नाही. परवा भाचेसून म्हणाली, "मामी, मलाही शिकवा ना." तिला दाखवलं ते असं.

बंबात आधी गळ्यापर्यंत पाणी. ते भरल्याशिवाय काडीपेटीला हात लावायचा नाही. पाणी आहे तोवर तांबं फार तापत नाही. कोरड्या बंबात मात्र आतली कल्हई वितळते, कारण कथलाला 232 अंश पुरतात, आणि तोटी जोडणारी झाळ तर त्याच्याही आधी सुटते. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मी पाणी विसरले. अभ्यंगस्नानाच्या पहाटे तोटीच हातात आली! सासूबाई भाऊबीजेपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

मग कालची राख. जाळीखाली राख साठली की खालून वारा मिळत नाही आणि नुसता धूर होतो. मधल्या नळ्यात वर्तमानपत्राचा एक बोळा, त्यावर नारळाच्या शेंड्या, करवंटीचे दोन-चार तुकडे आणि वर सुताराकडच्या ढलप्या. नळा अर्धाच भरायचा. ठासून भरला की गुदमरतो. पेटवायचं खालून, जाळीतून. प्लायवूडचे तुकडे फुकट मिळाले तरी घ्यायचे नाहीत. त्यातल्या डिंकाचा धूर घशात बसतो. जाळ धरला की दोन मुठी लोणारी कोळसा, मग अर्धा तास बघावं लागत नाही.

भाचेसुनेचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. तिनं विचारलं, "धूर गेला, नुसते निखारे उरले, की बंब बाथरूममध्ये आत घेतला तर?" नाही. अजिबात नाही. धुरानं निदान डोळे चुरचुरतात. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावतो. डोकं जड होतं, मळमळतं, माणसाला वाटतं झोप येतेय. दार लावून शेगडी उशाशी घेणाऱ्यांचंही हेच होतं. बंब उघड्यावरच हवा, पाणी बादलीनं आत न्यायचं. तिच्या गच्चीवर जागा आहे. सोसायटीला विचार म्हटलं.

आंघोळी उरकल्या की तोटी बंद करून पुन्हा दोन बादल्या पाणी ओतायचं. निखारे विझेपर्यंत भांड्यांपुरतं कोमट होतं.