वेणी आतून की बाहेरून? वीज वितरण ऑटोमेशनमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

डिप्लोमा झाल्यावर घरी सांगितलं, स्मार्ट ग्रिडमध्ये नोकरी लागली. आईला वाटलं, एसी ऑफिस असेल. पहिल्या दिवशी मी कुर्ल्याच्या एका सोसायटीमागे, कचऱ्याच्या डब्यांना लागून असलेल्या सबस्टेशनमध्ये गुडघे टेकून केबल कंपार्टमेंटमध्ये टॉर्च मारत बसलो होतो. त्याला आठ वर्षं झाली. आता दर जूनमध्ये कोणी ना कोणी विचारतंच, "दादा, या लाइनमध्ये यायचं तर काय शिकू?" दर वेळी फोनवर तेच बोलून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आरएमयू (सबस्टेशनमधला केबल जोडायचा-तोडायचा स्विचचा डबा), एफपीआय (फॉल्टचा करंट तिथून गेला की दिवा लावणारा सेन्सर), एफआरटीयू (ती खबर कंट्रोल रूमला पाठवणारा डबा), स्काडा (कंट्रोल रूममधली देखरेखीची यंत्रणा) हे शब्द तुम्हाला माहीत आहेत असं धरतो. नसतील तर संध्याकाळभराचं काम आहे, घाबरू नका.

पण एक गोष्ट आधी डोक्यातून काढा. नेटवरचे बहुतेक धडे उघड्या तारांवरचे आहेत. झाडाची फांदी लागली, रिक्लोजरने, म्हणजे आपोआप पुन्हा चालू होणाऱ्या ब्रेकरने, एकदा तोडून पुन्हा जोडलं, फांदी पडली, वीज आली. मुंबईत आपलं जवळपास सगळं जाळं जमिनीखाली, ११, २२, ३३ केव्हीच्या केबल. केबल पंक्चर झाली की ती आपोआप बरी होत नाही. वरून ब्रेकर पुन्हा मारलात तर त्याच भोकात पुन्हा तेवढाच करंट ओतता. म्हणून इथे सेन्सरचं काम एकच: दोन्हीकडून वीज देता येणाऱ्या केबलच्या साखळीतला कुठला तुकडा खराब आहे ते लवकर सांगणं. मग तो तुकडा दोन्ही बाजूंनी कापायचा आणि बाकीच्यांना उलट बाजूने वीज द्यायची. माणूस छत्री घेऊन एकेक सबस्टेशन उघडत फिरला तर तास-दीड तास जातो. दिवे बरोबर लागले आणि स्विचला मोटर असली तर काही मिनिटांत होतं. आयईईई १३६६ या मानकाप्रमाणे ५ मिनिटांच्या आत परत आलेली वीज 'दीर्घ खंडित' या हिशेबात धरतच नाहीत, म्हणून साहेबलोकांना हा विषय एवढा प्रिय.

मुलाखतीत १२ ऑक्टोबर २०२० विचारतील. मुंबईची वीज जाऊन लोकल थांबल्या तो दिवस. "सेन्सर असते तर टळलं असतं" असं उत्तर देऊ नका. तो कळवा-पडघा बाजूच्या ४०० केव्ही लाइनींचा आणि मुंबईचं आयलंडिंग (बाहेरचं ग्रिड कोसळलं की शहर वेगळं काढून स्वतःच्या विजेवर चालवणं) न टिकण्याचा मामला होता. आपण सोसायटीच्या मागच्या डब्यातली माणसं.

आता मुख्य गोष्ट. मी जिथे तोंडावर पडलो ती.

अर्थ फॉल्ट, म्हणजे करंट जमिनीकडे गळणं, ओळखण्यासाठी केबलभोवती एक सीटीची (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची) रिंग बसते, कोअर बॅलन्स सीटी. तिन्ही फेजच्या करंटची बेरीज शून्य नसेल तर एफपीआयचा लाल दिवा लुकलुकतो. केबलमधल्या वीज नेणाऱ्या तारा म्हणजे कोअर; त्यांच्यावरच्या तांब्याच्या आवरणाला, म्हणजे स्क्रीनला, टर्मिनेशनजवळ (केबल जिथे संपून स्विचला जोडतात तिथे) एक पट्टी जोडून ती अर्थ बारला, म्हणजे जमिनीला जोडलेल्या पट्टीला, नेतात. कॅटलॉगमध्ये तिला ब्रेड म्हणतात, आमचे जॉइंटर (केबल जोडणारे) मामा म्हणतात वेणी. मार्च महिना, आठवड्यात बारा आरएमयूंवर एफपीआय बसवायचे होते. मामांनी विचारलं, "साहेब, वेणी रिंगच्या आतून घ्यायची का बाहेरून?" मी मोबाइलमधून मान वर न करता म्हणालो, "बाहेरूनच घ्या, नीटनेटकं दिसतं." मामा क्षणभर थांबले, आणि त्यांनी बाहेरून घेतली.

मग मी टेस्ट केली. किटची वायर रिंगमधून ओवली, करंट सोडला, दिवा लागला, कंट्रोल रूममध्ये अलार्म आला. सही केली, चहा प्यायलो.

जुलैत रात्री दोनला फोन. बाहेर धो धो. आठ आरएमयूची साखळी, पंक्चर ४ आणि ५ च्या मधल्या केबलला. दिवे लागले १, २, ३ वर, तिथले एफपीआय आधीचे, वेणी आतून घेतलेले. ४ वर, म्हणजे माझ्या बारांपैकी एकावर, लागला नाही. ऑपरेटरने जे कोणीही केलं असतं तेच केलं. फॉल्ट ३ आणि ४ च्या मध्ये समजून तो तुकडा कापला, पहिले तीन चालू केले आणि उरलेल्यांना दुसऱ्या फीडरवरून (दुसऱ्या बाजूने वीज आणणाऱ्या मुख्य केबलवरून) वीज दिली. म्हणजे धडधडीत पंक्चरवर. दुसरा फीडरही ट्रिप. आधी एकाच फीडरची वीज गेली होती, आता दुसऱ्या फीडरवरचेही अंधारात, आणि त्यांत एक नर्सिंग होम. त्यांचा जनरेटर लागला म्हणून मी आज हे लिहू शकतोय.

चूक कुठे होती ते नीट समजून घ्या. आकडे समजण्यापुरते घेतोय, फेज अँगल सोडून देऊ. कोअरमधून ४०० अँपिअर रिंगमधून खाली, केबलमध्ये गेले. पंक्चरच्या जागी ते स्क्रीनमध्ये उतरले आणि त्यातले, धरा, ३६० स्क्रीनवाटेच मागे फिरले, रिंगमधून वर आले. रिंग अख्ख्या केबलभोवती होती, तिला दिसले ४०. सेटिंग होतं ६०. दिवा लागणार कुठून? आता वेणी रिंगमधून परत खाली आणून अर्थ बारला न्या. तेच ३६० एकदा वर आले, एकदा खाली गेले, कटले. रिंगला पूर्ण ४०० दिसतात.

उलटंही लक्षात ठेवा. रिंग स्क्रीन संपते त्याच्या वर, नुसत्या तीन कोअरभोवती असेल तर वेणी आतून नेऊ नका, नाहीतर तीच चूक दुसऱ्या तोंडाने कराल. आणि आतून नेताना वेणीवर स्लीव्ह हवीच. रिंगच्या आधी ती पॅनलच्या पत्र्याला टेकली तर करंट तिथूनच पळतो आणि तुमची सगळी मेहनत पाण्यात.

माझी टेस्ट पास का झाली? कारण मी रिंग तपासली, रिंग केबलवर कशी बसली आहे ते तपासलंच नाही. खरी टेस्ट अशी: परमिट घेऊन, केबल मृत असल्याची खात्री करून, लांबच्या टोकाला कोअर आणि स्क्रीन एकमेकांना जोडा. जवळच्या टोकाला कोअरमध्ये करंट सोडा आणि अर्थ बारवरून परत घ्या. आता दिवा लागला तरच सही करा. याला तास जास्त लागतो, कंत्राटदार कुरकुर करतो. करू द्या.

बाकीचे खड्डे लहान आहेत. घड्याळ यूटीसीवर आहे की भारतीय वेळेवर ते पहिल्या दिवशी पाहा, नाहीतर साडेपाच तासांच्या फरकाने घटनांचा क्रम जुळवत बसाल. मागच्या आरएमयूची पॉइंट लिस्ट (कुठला सिग्नल स्काडात कुठल्या नंबरावर दिसेल ती यादी) कॉपी-पेस्ट करू नका. एफआरटीयूची बॅटरी पावसाळ्याआधी लोड देऊन तपासा, आपल्या खाऱ्या दमट हवेत ती गुपचूप मरते. तळघरात सिमला रेंज नसते, अँटेना बाहेर काढा. बस.

कोर्सचं विचाराल तर सहा आठवड्यांचं 'स्मार्ट ग्रिड' सर्टिफिकेट मीही केलंय, फ्रेम करून घरी लावलंय. त्यात डॅशबोर्ड सुंदर होते, वेणीचा उल्लेख नव्हता. पायथन शिका, कामाला येतं, पण दिवाच खोटं सांगत असेल तर त्यावरचा आलेखही खोटंच सांगणार. मेंटॉरसाठी लिंक्डइनवर मोठ्या पदांच्या लोकांना मेसेज करत बसू नका. दोन जॉइंटर आणि एक म्हातारा शिफ्ट इंजिनिअर शोधा, त्यांच्यासोबत नाइट करा. मात्र त्यांच्या प्रत्येक शब्दावर डोळे मिटून विश्वास नको. मेगरवर (केबलचं इन्सुलेशन तपासायच्या यंत्रावर) पाच-सहा जणांनी मला पाच-सहा तऱ्हेचं शिकवलंय.

आणि चूक झाली म्हणून नोकरी जाईलच असं नाही. मी दुसऱ्या दिवशी स्वतःहून लिहून दिलं की बाराही जागी मीच वेणी बाहेरून घ्यायला सांगितली. झापलं, भरपूर झापलं. मग बाराही उघडायला मलाच पाठवलं, मामांसोबत. पहिला कंपार्टमेंट उघडल्यावर मामा एवढंच म्हणाले, "मार्चमध्ये विचारलं होतं हो मी." पुढच्या अकरा ठिकाणी त्यांनी विषय काढला नाही, मलाच दर वेळी काढावासा वाटत होता.

आता नियम केलाय, झाकण लावण्याआधी वेणीचा फोटो. आमची नवी ट्रेनी रात्री अकराला सुद्धा पाठवते. परवाचा फोटो: वेणी आतून, एकदम झकास, खाली लिहिलेलं, "दादा, बंद करू?" झूम केलं. स्लीव्ह दोन बोटं आखूड, वेणीची कड पत्र्याला टेकलेली. फोन लावला.

"बंद केलंस?"

"शेवटचा बोल्ट राहिलाय."

"उघड."