बाळाचं पोट सारखं बिघडतं? वही, वजन आणि योग्य दवाखाना

एखाद्या दिवशी दोन-चार पातळ संडास होऊन थांबलं, तर हा लेख वाचायची गरज नाही. ज्या घरात बाळाचं पोट महिना-दोन महिने ताळ्यावरच येत नाही, त्या घरासाठी हा आहे. आठ दिवस बरे जातात, मग पुन्हा हगवण लागते. किंवा पाजलं की ओकतं, किंवा रोज संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन किंचाळतं. अशा घरात सल्ल्यांना तोटा नसतो. आजी म्हणते, "दात येऊन राहिले त्याले, काई होत नाई." शेजारीण नजर काढायला सांगते. मेडिकलवाला एक बाटली देतो. तालुक्याच्या डॉक्टरांच्या औषधानं चार दिवसांत उतार पडला नाही म्हणून दुसऱ्याकडे नेतात, ते पहिलं बंद करून नवीन लिहून देतात. बाळाला पाच जणांनी पाहिलेलं असतं, पण पहिल्या दिवसापासून आजपर्यंतची सगळी हकीकत कोणालाच माहीत नसते. ती एका जागी ठेवण्याचं काम घरच्यांचं. त्यासाठी शाळेची एक वही आणि अंगणवाडीतला वजनकाटा पुरतो.

१. आधी हे पाहा: आज, आत्ता न्यायचं का?

वही नंतर. खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर सकाळच्या यष्टीची वाट पाहू नका, १०८ लावा.

- ओकारी गडद हिरवी आहे. पोटात कुठेतरी अडथळा असू शकतो, तो तासांत बिघडतो.
- पोट फुगून टणक झालंय आणि शी, वायू दोन्ही बंद आहेत.
- बाळ मधूनमधून एकदम किंचाळतं, पाय आवळतं, मग निपचित पडतं. शीमध्ये लालसर आव पडते. आतडं आतड्यात सरकल्याची ही खूण असू शकते. तान्ह्यापासून दोन-तीन वर्षांच्या मुलापर्यंत कोणालाही हे होऊ शकतं.
- टाळू खोल गेली, डोळे आत गेले, सहा-आठ तास लघवी नाही, बाळ झापडीत आहे किंवा अंगावर ओढतच नाही.
- दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आहे.
- दोन ते आठ आठवड्यांचं बाळ प्रत्येक पाजणीनंतर जोरानं, लांबवर उडेल असं ओकतं आणि लगेच पुन्हा भुकेजतं.

हगवणीनं सुकलेल्या बाळाला वाटेत अंगावर पाजत राहा, ओआरएस देत राहा. हिरवी ओकारी किंवा टणक पोट असेल, तर तोंडानं काही द्यायचं का, ते गाडीतल्या डॉक्टरांना विचारा. एक वर्षापर्यंतच्या बाळाला सरकारी दवाखान्यात तपासणी, औषधं आणि नेण्या-आणण्याची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. पैसे नाहीत म्हणून रात्र काढू नका.

एक लक्षण इतकं गाजावाजा न करता येतं की ते हमखास निसटतं. बाळ दोन आठवड्यांचं झालं तरी डोळे पिवळे, लघवी गडद आणि शी पांढरी किंवा फिकट मातकट. बाळ दूध पितं, हसतं, म्हणून घरचे कोवळ्या उन्हात धरतात आणि महिना काढतात. पित्ताचा मार्ग बंद असेल तर ऑपरेशन लागतं, आणि ते साधारण ६० दिवसांच्या आत झालं तर जास्त फायदा होतो. पांढरी शी दिसली की त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञ गाठा.

२. मग पाहा: हा आजारच आहे का?

फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसातून सात-आठ वेळा शी करतं, किंवा चार-पाच दिवस करतही नाही. शी मऊ असेल आणि वजन वाढत असेल, तर दोन्ही ठीक. पिवळी, दाणेदार, कधी हिरवट, तीही ठीक. पाजल्यावर तोंडाच्या कडेनं थोडं दूध टाकणं चौथ्या महिन्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि वर्षाच्या आत-बाहेर बहुतेकांचं थांबतं. संध्याकाळचं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसाला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. या रडण्यावर बाटलीतलं औषध शोधत बसण्यापेक्षा उभं धरून ढेकर काढणं, झोळीत हळू हलवणं आणि घरातल्या दुसऱ्या माणसानं तासभर बाळ घेणं, हे जास्त कामाचं.

हा फरक ठरवणारी वस्तू एकच: वजन. पोट गुरगुरतं, शी हिरवी आहे, पण वजन चढतंय, अशा बाळाला घाई नाही. उलट, बाळ शांत आहे, रडतही नाही, पण दोन महिने काटा हलला नाही, त्या बाळाची मला जास्त काळजी वाटते.

३. वजन: कधी, कुठे, कसं

प्रत्येक वेळी एकाच काट्यावर, कपडे काढून, शक्यतो पाजण्याआधी. अंगणवाडीत दर महिन्याला होतंच. पोट बिघडलेलं असेल तर ताईंना पंधरा दिवसांनी करायला सांगा. आकडा माता व बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात त्यांच्याकडून लावून घ्या आणि रेघ स्वतः पाहा.

पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी जन्माच्या आकड्यावर परत येतं. पहिले तीन महिने दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. पाच-सहा महिन्यांत जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट, हा ढोबळ हिशोब. रेघ आडवी झाली किंवा खाली वळली, तर हगवण असो-नसो, डॉक्टरांकडे जायचं. सहा महिन्यांवरच्या बाळाच्या दंडाला लावायची रंगीत पट्टी ताईंकडे असते, ११.५ सेंटीमीटरच्या आत, म्हणजे लाल पट्ट्यात दंड आला, तर ते अतितीव्र कुपोषण.

४. वही

दिवसाला चार ओळी पुरतात. शी किती वेळा, कशी (पाण्यासारखी, आव, रक्त, चिकट, खडा), ओकारी किती आणि पाजल्यानंतर किती वेळानं, काय पाजलं-भरवलं, लघवी किती, औषध कोणतं, किती थेंब. ताप आला तर आकडा. नवीन पदार्थ सुरू केला त्या तारखेखाली रेघ ओढा: गाईचं दूध, बिस्कीट, पोळी कुस्करून, काहीही. लिहिता येत नसेल तर मोठ्या भावंडाला सांगा. कपड्यावरच्या संशयास्पद शीचा मोबाइलवर उजेडात फोटो काढा. "रक्त पडलं" या दोन शब्दांपेक्षा तो फोटो डॉक्टरांना खूप काही सांगतो.

आठ-दहा दिवसांत वही बोलायला लागते. बाटली सुरू झाली आणि हगवण लागली. गव्हाची पोळी सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत पोट पुढे आलं आणि हातपाय वाळले. आई कापूस वेचायला जाते त्याच दिवसांत बाळ बिघडतं. हे ओपीडीच्या पाच मिनिटांत कोणाला आठवत नाही.

५. तोवर घरी काय करायचं, काय थांबवायचं

पातळ शी होत असेल तर अंगावरचं दूध बंद करायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं. ओआरएसचं पाकीट आशाताईंकडे मिळतं. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, छोटं २०० मिलिलिटरमध्ये. पाकिटावर वाचा आणि पूर्ण पाकीट एकदम कालवा. पाणी उकळून गार केलेलं, आणि २४ तासांनी उरलेलं फेकायचं. दोन महिन्यांखालच्या बाळाला, दवाखान्यात पोचेपर्यंत, प्रत्येक पातळ शीनंतर पाच छोटे चमचे. दोन महिने ते दोन वर्षं, पाव ते अर्धा कप, चमच्यानं, सावकाश. मेडिकलमधली ओआरएससारखी दिसणारी गोड पेयं नकोत. सोबत झिंक: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे २०ची अर्धी गोळी आईच्या दुधात विरघळवून, सहा महिन्यांवर पूर्ण गोळी. चौदा दिवस. तिसऱ्या दिवशी हगवण थांबली म्हणून गोळी थांबवायची नाही, कारण उरलेले दिवस पुढची हगवण टाळण्यासाठी असतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला जुलाब लागले तर घरी प्रयोग नाही, त्याच दिवशी दवाखाना.

सहा महिन्यांवरचं बाळ असेल तर खाणंही चालू: मऊ भात-मुगाची दाळ, वर थोडं तेल, कुस्करलेलं केळं. साबुदाण्याच्या नुसत्या पाण्यावर ठेवलेलं बाळ आजारापेक्षा उपासानं जास्त खंगतं.

आता थांबवायच्या गोष्टी. दूधबाटली, सगळ्यात आधी. मे महिन्याच्या चंद्रपुरी उन्हात बाटलीच्या बुचात राहिलेलं दूध तासाभरात विष होतं. वाटी-चमचा धुता येतो, बूच धुतलं जात नाही. आई वावरात जात असेल तर थंडीत काढलेलं दूध झाकणाच्या स्वच्छ स्टीलच्या भांड्यात सावलीत तीन-चार तास राहतं. उन्हाळ्यात तो भरवसा नाही, तेव्हा बाळाला बांधापर्यंत आणावं किंवा आईनं मधे घरी यावं. जमीनदाराला ते पटवणं अवघड असतं, हे मान्य.

मध एक वर्षापर्यंत नाही. बाळगुटी उगाळताना सहाण, पाणी आणि मात्रा यातलं काहीच खात्रीचं नसतं, म्हणून तीही नाही. चहात बुडवलेलं बिस्कीट नाही. पोटदुखीचे डायसायक्लोमिनचे थेंब सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला धोक्याचे आहेत, त्यानं श्वास मंदावू शकतो. मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी तर कधीच नाही. आजीला बेंबीभोवती हिंग लावायचा असेल तर लावू द्या. वरून लावलेल्या हिंगानं नुकसान होत नाही आणि आजी आपल्या बाजूला राहते.

चटके मात्र अजिबात नाहीत. मेळघाटात पोट फुगलं की तापवलेल्या विळ्यानं बाळाच्या पोटावर डाग देतात, त्याला डंबा म्हणतात. त्यानं फुगलेलं पोट उतरत नाही, वर जखमेतून जंतू आत जातात. भूमकावर, म्हणजे तिथल्या पारंपरिक वैदूवर, घरच्यांचा विश्वास असेल तर त्यालाच सोबत घेऊन दवाखान्यात जा. भांडत बसण्यापेक्षा हे लवकर होतं.

आणि बाळंतिणीचं पथ्य. बाळाला वायू होतो म्हणून वांगं बंद, दाळ बंद, पाणीसुद्धा मोजून. आईला उपाशी ठेवून बाळाचं पोट बरं होत नाही. एखादा पदार्थ सोडायचा तो डॉक्टरांनी सांगितल्यावर, आणि किती आठवडे तेही विचारून.

६. कोणाकडे, आणि काय घेऊन

सुरुवात आशाताई आणि उपकेंद्रातल्या सिस्टरपासून, मग प्राथमिक आरोग्य केंद्र. पण पातळ संडास १४ दिवसांच्या वर गेले, वजन अडलं, शीत रक्त आहे किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, तर तिथेच स्पष्ट म्हणा: "बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं आहे, चिठ्ठी द्या." चिठ्ठी घेऊन ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात गेलात की कहाणी पहिल्यापासून सांगावी लागत नाही. त्यापुढे विदर्भात अकोला, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदियाची मेडिकल कॉलेजं, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, वर्ध्याजवळ सावंगीचं रुग्णालय, आणि नागपूरला मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स. ओपीडी सकाळची असते, म्हणून पहिली गाडी पकडा. रात्री मुक्काम लागू शकतो असं धरूनच दुपटी, वाटी-चमचा आणि सोबतीला एक माणूस न्या.

पिशवीत वही, माता-बाल कार्ड, आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि दिलेल्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या. "पांढरं औषध होतं" यातून काही कळत नाही. गुटी, डाग, भूमका जे झालं असेल ते सांगा. डॉक्टर रागावले तर रागावू द्या, पण माहिती लपवू नका.

आत गेल्यावर पहिलं वाक्य लांबवू नका. "पाच महिन्यांचा आहे, दोन महिन्यांपासून दिवसाला आठ-दहा पातळ शी, कधी रक्ताचा धागा, वजन महिनाभर तेवढंच." एवढं सांगून वही पुढे करा. मग तपासण्या येतील: शी, लघवी (बाळाचा लपलेला लघवीचा जंतुसंसर्ग पोटावर दिसू शकतो), कधी रक्त. गाईच्या दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी वाटली तर आईलाच काही आठवडे दूध-दही बंद करायला सांगतील. मोठ्या हगवणीनंतर काही दिवस दुधातली साखर पचत नाही असंही होतं. दोन्ही गोष्टी ऐकायला सारख्या वाटतात, पण उपचार वेगळे. म्हणून शेजारच्या बाळाचा सल्ला आपल्या बाळाला लावू नका.

उठण्याआधी चार गोष्टी विचारून वहीत लिहून घ्या. काय झालं असावं? औषध किती मिलिलिटर, किती दिवस? किती दिवसांत फरक दिसायला हवा? आणि काय दिसलं तर त्याआधीच परत यायचं? प्रतिजैविक दिलं असेल तर ते कशासाठी, हेही विचारा. साध्या पाण्यासारख्या हगवणीला ते बहुधा लागत नाही.

बाळ फार अशक्त असेल आणि पोषण पुनर्वसन केंद्रात भरती सांगितली, तर मजुरी बुडते म्हणून नकार देऊ नका. तिथे राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. भरतीच्या दिवशीच विचारा.

७. घरी आल्यावर

औषध बाटलीच्या झाकणातल्या मापानं द्या, घरचे चमचे सारखे नसतात. पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर वजन. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत फरक पडला नाही तर त्यांच्याचकडे परत जा. पहिलं औषध चाललं नाही, हीसुद्धा त्यांना पुढचं ठरवायला लागणारी माहिती असते. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, फक्त पहिल्यांची चिठ्ठी आणि वही त्यांच्या टेबलावर आधी ठेवा. रोटाव्हायरसचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतात. आजारपणाच्या धावपळीत एखादा राहिला असेल तर पुढच्या लसीकरणाच्या दिवशी सिस्टरला कार्ड दाखवून विचारा.