व्हिडिओ कॅमेरा घ्यायला निघालाय? सांगली-साताऱ्याकडच्या शूटिंगवाल्यांनो, या चुका टाळा

तुळशीची लग्नं लागली की आपल्याकडं बुकिंगचे फोन सुरू होतात, आणि नेमकं त्याच पंधरवड्यात विटा, तासगाव, कराड, फलटण कुठनं कुठनं पोरं गाडी करून पुण्या-मुंबईला कॅमेरा आणायला पळतात. घाईत घेतलेला कॅमेरा आणि परवा हळदीची ऑर्डर, मग मेन्यू कधी शिकायचा? पहिली चूक हीच. खरेदी चातुर्मासात करा, तेव्हा लग्नं नसतात, दुकानदारालाही बोलायला वेळ असतो आणि काही बिघाड निघाला तर बदलून घ्यायला हातात दिवस असतात. सीझनमध्ये दुकानात गर्दी एवढी असते की कोणी नीट डेमो पण देत नाही.

दुसरी चूक मोठी आहे, त्यावर जरा सविस्तर लिहितो. आपण नाव ठरवून जातो, काम ठरवून जात नाही. यूट्यूबवर रिव्ह्यू बघितलेला असतो, म्हणून दुकानात शिरल्या शिरल्या "एफएक्स थ्री दाखवा" म्हणतो. सोनीचा एफएक्स थ्री कॅमेरा उत्तमच आहे, फुल फ्रेम आहे म्हणजे चित्र टिपणारा सेन्सर मोठा आहे, आत फॅन आहे त्यामुळं तापून बंद पडत नाही, अंधारात फार सुंदर चालतो. पण त्याला एसडीआय आउटपुट, म्हणजे चित्र लांबवर न्यायची प्रोफेशनल केबलची जोडणी नाही, फक्त टीव्हीला असते तसली एचडीएमआय. आता आपल्याकडच्या लग्नात काय असतं, स्टेजला एलईडी वॉल, मंडपाच्या कोपऱ्यात सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं एकत्र घेणारं मिक्सिंग युनिट आणि मधे साठ-सत्तर मीटर अंतर. साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढं गेली की सिग्नल तुटायला लागतो, आणि तुटतो तो बरोबर अक्षता पडताना. एसडीआयला चांगली केबल असेल तर फुल एचडी सिग्नल शंभर मीटरच्या आसपास आरामात जातो, वर बीएनसी कनेक्टर फिरवून लॉक होतो, कोणाचा पाय अडकला तरी पटकन निघत नाही. एचडीएमआयवालाच कॅमेरा हवा असेल तर घ्या की, पण एचडीएमआय टू एसडीआय कन्व्हर्टरचा खर्च आणि त्याची बॅटरी आधी धरा. आणि तुमचं मिक्सिंग युनिट काय घेतं तेही बघून जा, ब्लॅकमॅजिकच्या साध्या एटीईएम मिनीला चार एचडीएमआय इनपुट आहेत, एसडीआय एकही नाही.

एकाच कंपनीच्या जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन मॉडेलमध्येही फरक असतो. पॅनासोनिकचे एचसी-एक्स१५०० आणि एचसी-एक्स२००० घ्या, दोन्हीला २४ पट झूम, दोन्ही फोरके, लांबून बघितलं तर भाऊ-भाऊ. पण १५०० ला वरचं हँडल वेगळं विकत घ्यावं लागतं आणि एक्सएलआर म्हणजे तीन पिनांच्या प्रोफेशनल माइकची जोडणी त्या हँडलवर असते. २००० ला हँडल बरोबर येतं आणि ३जी-एसडीआय पण आहे. दोघांच्या किमतीतला फरक बघून कोणी १५०० उचलतो आणि घरी आल्यावर माइक लावायला जागा शोधत बसतो. म्हणून बॉक्समध्ये काय काय येतं ते कोटेशनवर लिहून घ्या, तोंडी नको.

कीर्तन, कुस्तीचं मैदान, बैलगाडा शर्यत, ही आपल्या भागातली हक्काची कामं आहेत आणि तिन्हीचं गणित वेगळं आहे. कीर्तन दोन-अडीच तास सलग चालतं. जुन्या बऱ्याच मिररलेस (लेन्स बदलता येणाऱ्या) कॅमेऱ्यांना २९ मिनिटं ५९ सेकंदांची रेकॉर्डिंग मर्यादा असते, सोनीचा ए७ थ्री किंवा कॅननचा पहिला आर६ सेकंडहँड स्वस्तात मिळतो म्हणून घेतला तर अर्ध्या तासानं तो गप्प बसणार, आणि महाराज काय थांबणार नाहीत. बैलगाड्याला लांब झूम लागतो, ५०पी म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम लागतात, आणि धूळ तर विचारूच नका. तिथं लेन्स बदलायची म्हणजे सेन्सरवर माती घेणं, त्यामुळं फिक्स लेन्सचा, सर्वो म्हणजे मोटरवर चालणाऱ्या झूमचा हँडीकॅम टाइप कॅमेराच बरा पडतो, भले पोरं त्याला जुन्या टाइपचा म्हणू देत. प्री-वेडिंगला मेणवलीच्या घाटावर किंवा कासला जाणार असाल तर मोठ्या सेन्सरचा घ्या, तिथं त्याला तोड नाही. एकच कॅमेरा सगळं करेल ही अपेक्षा सोडली की निम्मा गोंधळ मिटतो.

आता बिलाचा विषय, इथं माझं रक्त खवळतं. दुकानात "बिलाविना घेतला तर एवढे कमी" असं सांगतात, आणि पोरं कर्ज काढून आलेली असतात, त्यांना तो आकडा गोड वाटतो. एका मित्रानं असाच "इंपोर्टेड पीस" आणला. चालू केला तर मेन्यू सगळा जपानी, कारण तो जपानमधल्या विक्रीसाठी बनवलेला पीस, त्यात दुसरी भाषाच नव्हती. सर्व्हिस सेंटरला इथली वॉरंटी नाही म्हणून सांगितलं, दुकानदारानं फोन उचलणं बंद केलं. बोट ठेवून सांगतो काय काय बघायचं. बॉक्सवर भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं स्टिकर कायद्यानं लागतं, ते नसेल तर तिथंच थांबा. बॉक्सवरचा सिरियल नंबर, कॅमेऱ्याच्या बुडाखालचा नंबर आणि बिलावरचा नंबर, तिन्ही एकच पाहिजेत, आणि बिलावर नंबर लिहिलाच नसेल तर लिहायला लावा. बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या सरकारी वेबसाइटवर टाकला की दुकानाचं नाव आणि नोंदणी चालू आहे का ते लगेच दिसतं, मोबाइलवर दोन मिनिटांचं काम आहे. व्हिडिओ कॅमेऱ्यावर १ जानेवारी २०१९ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तुमची स्वतःची जीएसटी नोंदणी असेल तर तो क्रेडिट म्हणून परत धरता येतो, मग बिलाविना घेऊन नक्की वाचलं काय? शिवाय मुद्रा लोन करणार असाल तर बँक आधी कोटेशन मागते, नंतर पक्कं बिल. इन्शुरन्सवालाही बिलाशिवाय दारात उभं करत नाही.

इन्स्टाग्राम, टेलिग्रामवर "अर्धे ॲडव्हान्स टाका, उद्या कुरिअर" म्हणणाऱ्यांना एक रुपया पाठवू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर केला तर पैसे पुढं सरकत जातात.

दुकान कुठलं निवडायचं? साध्या फोटोच्या कॅमेऱ्याला जवळचं कुठलंही चालेल, पण प्रोफेशनल व्हिडिओला असं दुकान बघा की जिथं चालू कॅमेरा, ट्रायपॉड, मॉनिटर लावून हातात देतात. मुंबईत फोर्टला बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकानं एकाला एक लागून आहेत, दर काढायला ते बरं पडतं. पण सांगलीवाल्यांना कोल्हापूर तासाभरावर आहे आणि सातारकरांना पुणं दोन-अडीच तासांवर, तिथं हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील, कारण भर सीझनमध्ये कॅमेरा रुसला तर त्याच माणसाच्या दारात जायचंय. पैसे द्यायच्या आधी सरळ विचारा, कॅमेरा सर्व्हिसला गेला तर तेवढ्या दिवसाला दुसरा भाड्यानं देता का? जो यावर नीट उत्तर देतो तो माणूस धंदा समजणारा.

डेमोला जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. स्वतःचं कार्ड, हेडफोन, माइक आणि एसडीआय केबल न्या. कॅमेरा लावा, सलग रेकॉर्डिंग सुरू करा आणि तास-पाऊण तास चालू ठेवून बाकीची बोलणी करा, तापतो का, फाइल तुटते का ते कळेल. लेन्सला झाकण लावून गेन (चित्राचा उजेड वाढवायचं सेटिंग) वाढवा, काळ्या स्क्रीनवर कुठं पांढरा, लाल ठिपका एकाच जागी चिकटून बसलाय का बघा. पूर्ण झूम करून समोरच्या दुकानाच्या पाटीवर फोकस करा आणि हळूहळू मागं या, पाटी धूसर होत गेली तर विचारा का होतंय. सर्वो झूम एकदम सावकाश चालवून बघा, मधे धक्का मारतो का. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे, पैसे आपले आहेत.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी वरचं सगळं करायचं आणि शिवाय लेसर बघायचा. गणपतीच्या मिरवणुकीत, यात्रेत डीजेबरोबर लेसर असतात, तो किरण सरळ लेन्समध्ये गेला की सेन्सर जळतो. फोटोत रंगीत ठिपका आणि त्यातनं आरपार जाणारी सरळ रेघ दिसते, ती कुठल्याही सेटिंगनं जात नाही, सेन्सरच बदलावा लागतो आणि तो खर्च ऐकून जुना कॅमेरा टाकून द्यावासा वाटतो. पांढऱ्या भिंतीवर आणि झाकण लावून अशा दोन्ही क्लिप काढा. बऱ्याच प्रोफेशनल कॅमेऱ्यांच्या मेन्यूत किती तास चाललाय त्याचं मीटर असतं, ते उघडायला लावा. महाबळेश्वर-पाचगणीकडं किंवा कोकणात वापरलेली लेन्स असेल तर मोबाइलचा टॉर्च मागनं मारून आत बुरशीचे धागे दिसतात का ते बघाच. मूळ बिल नसेल तर माल चोरीचा असू शकतो, नको.

बजेटचं थोडक्यात. सगळे पैसे बॉडीत घालू नका. दिवसभराच्या बॅटऱ्या, कार्ड, माइक, बऱ्यापैकी फ्लुइड हेडचा (कॅमेरा धक्का न देता फिरवणारा) ट्रायपॉड यांना पैसे आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात कॅमेरा बसवा.

आणि घरी आणल्यावर "कॅमेरा खराब लागला" म्हणून ज्या तक्रारी येतात त्यातल्या निम्म्या खरं तर सेटिंगच्या असतात. हॉलच्या लाइटमध्ये चित्र लपलपतंय? आपली वीज ५० हर्ट्झची आहे, कॅमेरा एनटीएससीवर म्हणजे ६०पी-३०पीवर असेल तर मेन्यूत पाल (PAL) सेटिंगवर घ्या, ५०पी किंवा २५पी ठेवा आणि शटर १/५० किंवा १/१००. एलईडी वॉलवर आडव्या पट्ट्या येत असतील तर व्हेरिएबल शटर असतं, पॅनासोनिकमध्ये त्याला सिंक्रो स्कॅन म्हणतात, पट्टी थांबेपर्यंत ते थोडं थोडं फिरवा. साउंडवाल्याच्या मिक्सरमधनं घेतलेला आवाज फाटतोय? एक्सएलआरचं बटण माइकवर राहिलंय, लाइनवर करा, आणि तिथं माइकला वीज देणारा ४८ व्होल्टचा स्विच बंदच ठेवा, तो फक्त कंडेन्सर माइकला. रेकॉर्डिंग मधेच थांबतंय तर कार्ड बघा. कार्डावर लिहिलेलं व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी, व्ही६० म्हणजे ६०, व्ही९० म्हणजे ९०. १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट) रेकॉर्डिंगला सेकंदाला साडेबारा एमबीच लागतात, तिथं व्ही३० भरपूर झालं, तासाला ४५ जीबी जागा धरा. पण ५००-६०० एमबीपीएसच्या ऑल-इंट्राला, म्हणजे प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवणाऱ्या मोडला, तेच कार्ड धापा टाकतं. कार्ड नवीन असलं तरी एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या सॉफ्टवेअरनं पूर्ण भरून तपासा, नकली कार्डं बाजारात फिरतायत.

राहिलं एडिटिंग, आणि हे सगळ्यात उशिरा लक्षात येतं. सोनीच्या एफएक्स थ्रीसारख्या कॅमेऱ्यांच्या १० बिट ४:२:२ (जास्त रंगमाहितीच्या) फाइल एनव्हिडियाच्या ५० सिरीजच्या आधीच्या ग्राफिक्स कार्डवर हार्डवेअरनं उघडत नाहीत, इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढचे आतल्या ग्राफिक्सवाले प्रोसेसर किंवा ॲपलचे एम सिरीज असतील तर त्यातल्या एच.२६५ पद्धतीनं दाबून साठवलेल्या फाइल चालतात. तुमचा एडिटर जुन्या पीसीवर बसत असेल तर त्याच्यासाठी प्रॉक्सी म्हणजे हलक्या कॉपी बनवा किंवा एच.२६४ च्या ८ बिटमध्ये शूट करा. म्हणून डेमोच्या दिवशी ज्या मोडमध्ये काम करणार त्या मोडची पाच मिनिटांची क्लिप आपल्या कार्डात घेऊन या, एडिटरच्या टाइमलाइनवर टाकून बघा, आणि मगच दुकानदाराला फोन करून पक्कं सांगा.